जुनी ट्राम दुरुस्त करून चालवायची का नुसती पाहायला ठेवायची?

इतवारीकर: नागपुरातल्या मोतीबागच्या नॅरोगेज (अरुंद रुळांच्या रेल्वेच्या) म्युझियमवरून घरी वाद झाला म्हणून इथं टाकून राहिलो. माझं मत साफ आहे, ट्राम असो का इंजिन, चालत नसंल तर तो लोखंडाचा डबा. इंग्लंडात क्रिचला जुन्या दगडखाणीत ट्रामचं म्युझियम आहे, तिथं 1964 पासून विजेच्या जुन्या ट्राम धावतात, लोक बसतात. अन् त्याच 1964 ला, 31 मार्चला, मुंबईत शेवटची ट्राम धावली. ते सुरू करत होते, आपण बंद.

महालचा_मिस्त्री: भाऊ, बोलणं सोपं आहे. चालवायची तर मोटरचं आर्मेचर, म्हणजे आतला फिरता भाग, रिवाइंड करा, त्याची तार नव्यानं गुंडाळा, ड्रायव्हरसमोरच्या कंट्रोलरमधले तांब्याचे कॉन्टॅक्ट ठिणग्यांनी जळतात ते नवे लावा. लाकडाचं तर विचारूच नका, खिडकीखालच्या पट्टीत पाणी मुरते, वरून पेंट चकाचक अन् पेचकस टोचला की भुसा. मंग नवं सागवान. असं करता करता जुनं काय उरते, नंबर? शेडमध्ये ठेवा, आहे तशी. आपल्या 45 डिग्रीत उघड्यावर तर बिलकुल नको.

इतवारीकर: अरे पण सर्व्हिसमध्ये होती तेव्हाही हे बदलतच होते ना! चाकाचं टायर, म्हणजे वरचं पोलादी कडं, घासायसाठीच असते, म्हणून तर वेगळं चढवतात. तेव्हा ती खोटी नव्हती, आता काहून झाली?

सदरवाली: पैशाचं कोणीच बोलून नाही राहिलं. अमेरिकेत मेन राज्यातलं सीशोर ट्रॉली म्युझियम 1939 ला हौशी पोरांनी 150 डॉलरला एक उघडी ट्राम घेऊन सुरू केलं. घेणं स्वस्तच असते हो, पण पुढं रूळ, वरची तार, तारेला वीज देणारं डीसी सबस्टेशन, अन् हे सगळं समजणारा माणूस. एक गाडी पळवायच्या नादात बाकीच्यांवर छप्पर राहात नाही. मी मिस्त्रींच्या बाजूनं.

महालचा_मिस्त्री: टायरचं ठीक, पण रंग? तुम्ही सगळे थर घासून नवा मारता, कोणत्या काळात कोणता रंग होता ते त्या थरांतच तर कळते. दाराआड हातभर जागा तरी सोडा.

इतवारीकर: हातभर काय, अख्खा दरवाजा सोडतो. पण ब्रेक नवे टाकीन, जुन्यावर पब्लिक बसवायची आपली हिंमत नाही.

महालचा_मिस्त्री: आला ना नवा पार्ट!