पंच्याहत्तरीनंतर मत काढून घ्यायचं? इंदूरकरांनो, बोला

रामबागकर
काल इथेच एकानं लिहिलं, "सत्तरीनंतर उमेदवारी बंद आणि पंच्याहत्तरीनंतर मतदानही बंद. ज्यांना पुढची वीस वर्षं बघायचीच नाहीत, त्यांनी ती ठरवू नयेत." खाली अंगठ्यांची रांग. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

उमेदवारीचं एक वेळ समजू शकतो. लोकसभेला पंचविशी लागते, राज्यसभेला तिशी, राष्ट्रपतिपदाला पस्तिशी. वरची मर्यादा मात्र घटनेत कुठेच नाही. मोरारजीभाई 81 व्या वर्षी पंतप्रधान झाले. आपल्या सुमित्राताई महाजन आठ वेळा इथून लोकसभेवर निवडून आल्या आणि 2019 ला, पंच्याहत्तरी उलटल्यावर थांबल्या. तो पक्षातला रिवाज होता, कायदा नव्हता, आणि तसंच असावं. पक्षानं थांबवावं, नाहीतर मतदारानं पाडावं.

पण मत? कलम 326 मध्ये मत नाकारायची कारणं मोजकी आहेत: रहिवास नसणं, मनोविकलता, गुन्हा, निवडणुकीतला भ्रष्टाचार. म्हातारपण त्यात नाही. ज्या गावात अहिल्याबाईंनी सत्तरीपर्यंत कारभार हाकल्याचा अभिमान सांगतो, तिथे हे सुचतं तरी कसं?

विजयनगरचा
ती पोस्ट माझीच. काका, अहिल्याबाई निवडून आल्या नव्हत्या, त्यांना इथे आणू नका. हायकोर्टाचे न्यायाधीश 62 ला घरी जातात, सुप्रीम कोर्टाचे 65 ला. मग कायदे करणाऱ्यालाच मोकळं रान का? आणि खालून बघा. एकविशीत नगरसेवक होता येतं, आमदारकीला पंचविशी. 2023 मध्ये संसदेच्या स्थायी समितीनं लोकसभेची अट 18 वर आणायची शिफारस केली, ती अजून कागदावरच आहे. आमच्या वेळी तुम्हाला पिकलेपण हवं, आणि तुमच्या वेळी वय हा फक्त आकडा!

सुदामानगरची काकू
बाळा, आकड्याचं मी सांगते. नोव्हेंबर 2023 च्या विधानसभेला ऐंशीच्या वरच्यांना घरून मतदान होतं. आमच्या सासूबाईंसाठी फॉर्म 12-डी भरला होता. माणसं घरी आली, कॅमेरा लावला, जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. सासूबाईंनी आम्हा सगळ्यांना स्वयंपाकघरात पिटाळलं, "माझं मत गुप्त आहे" म्हणून. सहा महिन्यांनी लोकसभा आली तर मर्यादा 85 झालेली, आणि त्या 84 च्या. मे महिन्याच्या उन्हात रिक्षात बसवून बूथवर नेलं, पायऱ्या दोघांनी धरून चढवल्या. शाई लावताना बोट थरथरत होतं, पण आत कुणाला येऊ दिलं नाही. यांचं मत तू काढून घेणार?

आणि मी पहिलं मत दिलं 1989 ला, अठरा वर्षांच्यांना लोकसभेला पहिल्यांदा मिळालं तेव्हा. त्याच निवडणुकीत ताईंनी प्रकाशचंद्र सेठींना पाडलं. तेव्हा आमचे मामा म्हणायचे, "या पोरींना काय कळतं?" आज तू तेच उलटं बोलतोयस.

छत्रीबागचा जुना
वयाचं काय घेऊन बसलात भिया? 2024 ला इथे मत द्यायला होतं कोण? अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी काँग्रेसचा उमेदवार पळाला. मग 2,18,674 लोकांनी नोटा, म्हणजे "यातलं कुणीच नको"चं बटण दाबलं, देशात विक्रम. आणि जिंकणाऱ्याचं मताधिक्य अकरा लाखांच्या वर. अठराचा असो की अठ्ठ्याऐंशीचा, सगळ्यांचीच फसवणूक.

विजयनगरचा
मीही नोटाच दाबलं होतं. माझं पहिलं लोकसभेचं मत! अजून चीड येते.

रामबागकर
मग वाया घालवलंत. यंत्रावर अपक्ष होते, छोटे पक्ष होते. 2013 पासून ते बटण आहे, पण नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी त्याच्या खालचा उमेदवारच निवडून येतो. हे माहीत असून दाबलंत?

छत्रीबागचा जुना
वाया? दोन लाखांवर माणसं बूथवर जाऊन "तुमच्यातलं कुणीच नको" म्हणाली, आणि तुम्ही वाया म्हणता? घरी बसले असते तर कुणी दखल तरी घेतली असती का? तुम्ही स्वतः कुणाला दिलंत ते सांगा.

रामबागकर
ते गुप्त असतं. आणि आवाज चढवू नका. धागा वयाचा आहे.

छत्रीबागचा जुना
धागा तुमचा, गाव सगळ्यांचं. नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक, हा नियम आधी आणा. मग वयाच्या गप्पा मारू.

सुदामानगरची काकू
फेरनिवडणुकीचं पटतं. पण परत नवीन उमेदवारानं अर्ज मागे घेतला, तर? तेच दुखणं. शेवटच्या दिवशी अर्ज मागे घेणाऱ्याला पुढची काही वर्षं उभं राहू देऊ नका, तिथे मर्यादा घाला.

विजयनगरचा
काकू, हे मान्य. मतदानबंदीचं वाक्य मागे घेतो, आजींसाठी. रामबागकरांसाठी नाही. उमेदवारीची सत्तरी मात्र सोडत नाही. पक्षातला रिवाज सोयीनं वाकतो, लेखी नियम वाकवायला संसदेत उभं राहून हात वर करावा लागतो.

रामबागकर
माझ्यासाठी नसलं तरी चालेल, मागे घेतलंत ना. लेखी नियमाचं म्हणाल तर घटनादुरुस्तीला दोन तृतीयांश हात लागतात, आणि ते हात वर करणार कोण? त्यातले सत्तरीकडे झुकलेले किती, ते आधी बघा. खालची अट 18 वर आणायला मात्र मी तुमच्याबरोबर सही करतो, अर्ज लिहा.

छत्रीबागचा जुना
त्यात नोटाचंही घाला. नाहीतर माझी सही मिळणार नाही.