टक्केवारीचा अर्थ तसा नाहीये

बुद्धी ५० टक्के अनुवंशिक म्हणजे निम्मी आईबापाकडून आणि निम्मी संगोपनातून, असं काही जण म्हणतात ते मला पटत नाही. हा आकडा एकेका माणसाचा नसतोच हो, एखाद्या गटात माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला किती जीन्समुळे (म्हणजे आईबापाकडून आलेल्या जनुकांमुळे) एवढंच तो सांगतो, आणि परिस्थिती बदलली की आकडाही बदलतो. २००३ मध्ये एरिक टर्कहायमर या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ७ वर्षांच्या जुळ्यांचा अभ्यास छापला, त्यात गरीब घरांमधे आयक्यूतल्या (बुद्ध्यांकातल्या) फरकात जीन्सचा वाटा जवळपास शून्य निघाला आणि सुखवस्तू घरांत भरपूर. रोपाला पाणीच मिळालं नाही तर बियाणं कसं होतं ते कळणार कुठून?

आणि जन्मजात म्हणजे न बदलणारं हेही खरं नाही. पीकेयू नावाचा आजार घ्या, एका जीनमधला दोष, अन्नातल्या प्रथिनांमधून येणारं फेनिलअ‍ॅलनिन शरीरात साठत जातं आणि मेंदूचं कायमचं नुकसान होतं. पण जन्मल्यावर बाळाच्या टाचेला सुई टोचून रक्ताचे थेंब कागदावर टिपून घेतात, त्यात सापडलं आणि लगेच आहार बदलला की तेच मूल बाकीच्यांसारखं शिकतं, खेळतं. म्हणून कुणी पोराला 'उपजतच ढ आहे' म्हणून सोडून देतं ना, तेव्हा फार वाईट वाटतं.