मिक्स कुत्रं म्हणजे फुकटचं दुखणं? (लॅबप्रेमींना उत्तर)

तळजाईकर
काल लॅबप्रेमींनी लिहिलं, "गावठी-लॅब (लॅब्रॅडोर) मिक्स म्हणजे फुकटचं दुखणं. स्वभावाचा नेम नाही, तब्येतीचा भरवसा नाही. त्यापेक्षा २५ हजार मोजा आणि कागदपत्रांसकट पिल्लू आणा." तिथेच उत्तर लिहायला बसलो तर इतकं लांबलं की वेगळा धागा काढावा लागला.

आमच्या बंड्याची आई चौकातली, बाप बहुधा समोरच्या बंगल्यातला लॅब. उजवा कान उभा, डावा अर्ध्यात दुमडलेला. शेपटी गावठी, वर वळलेली. भूक मात्र बापाची: ओट्यावर कणीक मळायला घेतली की हा पायाशी हजर, त्यामुळे वजनावर कायम डोळा ठेवावा लागतो. लिफ्ट मजल्यावर थांबायच्या आधीच याला कळतं कोण आलंय. भाचरांनी शेपटी ओढली तर उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसतो. अनोळखी माणसाच्या गळ्यात पडत नाही, आधी लांबून अंदाज घेतो. याला नेम नसणं म्हणतात?

आणि देखभाल ती काय! पिल्लू असताना पार्वो-डिस्टेंपर या आजारांवरच्या लसीचे डोस, तीन महिन्यांचं झालं की रेबीजचं, पुढे डॉक्टर सांगतील तसे बूस्टर. पावसाळ्यात फिरून आल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, कानामागे गोचीड चाचपायची. दोन वेळा दमेपर्यंत फिरवायचं, नाहीतर सोफ्याचा कापूस निघतो. रात्री दूध-पोळी. झालं.

लॅबप्रेमी
एका बंड्यावरून सिद्धांत? अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा (डेव्हिस) २०१३ चा अभ्यास वाचा. २४ आनुवंशिक आजार तपासले, त्यातल्या १३ मध्ये जातिवंत आणि मिक्स यांत फरकच नाही. गुडघ्याचं लिगामेंट फाटणं तर मिक्समध्येच जास्त. शिवाय एकाच वेतातली दोन पिल्लं दोन तऱ्हेची निघतात. माझ्या पिल्लाच्या आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे मी पाहून घेतले होते. तुम्ही बाप 'बहुधा' म्हणताय!

तळजाईकर
१३ आणि १ मिळून १४. उरलेले १० जातिवंतांमध्ये जास्त निघाले, ते कुठे गेले साहेब?

वऱ्हाडी ठसका
अभ्यास राहू द्या. आमच्या मावशीनं नागपुरात हस्की आणलाय, बर्फाळ मुलखातलं कुत्रं. मे महिन्यात कुत्र्याला एसी आणि काका व्हरांड्यात कूलरपुढे. कागदपत्रं आहेत बरं का त्याची, एकदम पक्की.

बी विंग
जात कुठलीही असो, जिन्यातली घाण कोण उचलणार? आमच्याकडे एकजण कुत्रं फिरवताना फोनवर बोलतो आणि बरोबर माझ्या स्कूटरशेजारी थांबतो. बंदीच घाला.

तळजाईकर
सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, प्राणी कल्याण मंडळाने ते केव्हाच स्पष्ट केलंय. घाण उचललीच पाहिजे, यात वाद नाही. त्या माणसाला जाऊन सांगा ना, इथे काय सांगताय?

पशुवैद्य ताई
जातीवरून भांडा खुशाल, पण ती 'दूध-पोळी' वाचून राहवलं नाही. बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही, मग जुलाब घेऊन आमच्याकडे येता. पोळीनं पोट भरतं, पण प्रथिनं कुठून येणार? अंडं द्या, शिजवलेलं चिकन द्या, हाडं काढून. शिजलेल्या हाडाच्या काड्या होतात आणि आतड्यात रुततात. आणि कांदा-लसणाचा रस्सा पोळीवर ओतू नका, त्यानं तांबड्या पेशी फुटतात.

तळजाईकर
बंड्याला दूध उत्तम पचतं. पिशवीतल्या महागड्या खाद्याच्या गोळ्या खपवायची ही नेहमीची तऱ्हा.

पशुवैद्य ताई
मी अंडं म्हटलं. गोळ्यांचं नाव तरी काढलं का? नीट वाचत जा.

निफाडचा बागाईतदार
ताई, ही सगळी शहरी नाटकं. आमची कुत्री भाकरी-ताकावर वाढली. बागेत खाली पडलेली द्राक्षं खातात, मस्त आहेत.

पशुवैद्य ताई
दादा, द्राक्षं अजिबात नकोत! एखाद्याला काही होत नाही, दुसऱ्याची थोड्याशा द्राक्षांनीही किडनी जाते. आधी कुठलं वाचेल ते सांगता येत नाही. संशय द्राक्षातल्या टार्टारिक आम्लावर आहे, तेही घडाघडात कमीजास्त असतं.

निफाडचा बागाईतदार
मग काय बागेला कुलूप लावू? आजा-पणजापासून कुत्री आहेत आमच्याकडे.

वऱ्हाडी ठसका
आज्याच्या काळात मेलेल्या कुत्र्याची किडनी तपासली होती कोणी?

निफाडचा बागाईतदार
तुम्ही एसीवाल्या हस्कीकडे बघा आधी.

लॅबप्रेमी
धागा मिक्स कुत्र्यांचा होता ना? तळजाईकर, ताई जे सांगतायत ते तुमच्या 'मजबूत गावठी रक्ता'लाही लागू आहे.

तळजाईकर
'मजबूत' हा शब्द तुमचा, माझ्या तोंडी घालू नका. दूध बंद करून बघतो आठवडाभर, ताईंच्या शब्दाखातर. तुमच्या नव्हे. ताई, गोचिडीसाठी गोळी बरी की मानेवर टाकायचं औषध?

पशुवैद्य ताई
दोन्ही चालतात, डोस वजनावर ठरतो. अंदाजानं देऊ नका आणि कुत्र्याचं औषध घरातल्या मांजराला तर मुळीच लावू नका. ताप आला, जेवण सोडलं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर रक्त तपासून घ्या, गोचिडीचा ताप असू शकतो. त्यात जात बघायला कोणी थांबत नाही.

निफाडचा बागाईतदार
ताई, एकच विचारतो. बेदाणेही नाही? सत्यनारायणाच्या शिऱ्याला आमचा काळ्या रांगेत पहिला असतो.

पशुवैद्य ताई
बेदाणे म्हणजे वाळवलेली द्राक्षंच ना दादा! शिरा नकोच त्याला. काकडी द्या.

निफाडचा बागाईतदार
काकडी हुंगून निघून गेला. आता बोला.