पप्पांच्या स्मरणसभेत दहा मिनिटं बोलायचंय, काय सांगू?

गणितवाली_जालना

नमस्कार मंडळी. येत्या रविवारी पप्पांना जाऊन वर्ष होतंय. सकाळच्या उपासनेनंतर चर्चमध्येच स्मरणसभा ठेवलीय आणि घरच्यांच्या वतीनं मी बोलायचं ठरलंय. पाळकसाहेबांनी मायेनं सुचवलं, "ताई, तीन भाग करा. शास्त्रज्ञ, घरातला माणूस आणि ख्रिस्ती." चार दिवस वही घेऊन बसतेय. मला त्यांचे तीन भाग करताच येत नाहीत.

पप्पा बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रात तुरीवर काम करायचे. हे केंद्र ज्याच्याखाली येतं ते परभणीचं कृषी विद्यापीठ 1972 चं, त्यानंतर काही वर्षांनी ते नोकरीला लागले आणि निवृत्तीपर्यंत तुरीचे रोग हाच विषय. आजोबा बेथेलचे, म्हणजे नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ वसवलेल्या वस्तीतले. घरची शेती कोरडवाहू, त्यामुळे तूर पप्पांना पुस्तकातून शिकावी लागली नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तुरीवर वांझ रोग आला की झाड मरत नाही. हिरवंगार, झुपकेदार राहतं, पानं बारीक होतात, त्यांवर फिकट पिवळे चट्टे येतात, पण फूल धरत नाही. शेतकरी म्हणतो, काय मस्त वाढलीय! अन् शेंगाच नाहीत. या रोगाचा विषाणू पसरवते कोळी नावाची एक कीड, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी, वाऱ्यावर येणारी. रोगाला न जुमानणारं झाड शोधायचं, तर आधी प्रत्येक रोपाला रोग मुद्दाम लावावा लागतो. पप्पा तो स्टेपलरनं लावायचे. खरंच, ऑफिसातल्या स्टेपलरनं! रोप दहा-पंधरा दिवसांचं झालं की रोगट पान त्याच्या कोवळ्या पानाभोवती दुमडायचं आणि पिन मारायची. रोगट पान वाळलं की कोळी ताज्या पानावर जाते. जुलैत शाळा सुटल्यावर मी आणि दादा चिखलात उकिडवे बसून पप्पांच्या हातात पानं द्यायचो. त्यांच्या अंगठ्याला त्या दिवसांत घट्टा पडायचा, आणि रात्री जेवणाआधी प्रार्थनेला हात जोडले की मला तो दिसायचा.

तुरीत मधमाश्यांमुळे परागकण इकडचे तिकडे होतात, म्हणून निवडलेल्या झाडांना फुलांच्या वेळी मलमलच्या पिशव्या बांधतात. एका वर्षी पिशव्या वेळेवर आल्या नाहीत, तर आईनं घरच्या शिलाई मशीनवर रात्री जागून शिवल्या. आता सांगा, हे "शास्त्रज्ञ" या भागात घालू की "घर" या भागात?

कपाटात त्यांच्या प्लॉटच्या 31 वह्या आहेत. एका वहीत झाडांच्या उंचीच्या तक्त्याखाली माझी आणि दादाची उंची आहे, सेंटिमीटरमध्ये, तारखेसह. दुसऱ्या एका वहीत लाल शाईनं लिहिलंय: "ओळ 14 व 15 ची लेबले बदलली गेली. चूक माझी. या ओळींचे आकडे धरू नयेत." खाली सही. त्या वर्षी ते दोन दिवस नीट जेवले नव्हते, एवढंच मला आठवतं.

आणि एक कोडं. काही पानांच्या समासात बारीक क्रूस काढलेत. रोगमुक्त झाडाची खूण असते का ही? वह्या केंद्राला द्याव्यात की घरी ठेवाव्यात, तेही सांगा.

वाण_आणि_वही

ताई, मी याच क्षेत्रात आहे, कडधान्यांवर काम करतो. तुमच्या पप्पांशी ओळख नव्हती, पण ते लाल शाईचं पान वाचून थांबलोच. एका ओळीचं लेबल चुकलं आणि तसंच पुढं गेलं, तर पुढच्या हंगामात भलतंच बी निवडलं जातं, मग आणखी पुढं. वाण शेतकऱ्याच्या हातात पडायला आठ-दहा वर्षं लागतात. तोपर्यंत चूक कुठं झाली हे कुणालाच सापडत नाही. आकडे चांगले आले असतील तर गप्प बसणं सोपं असतं. त्यांनी ओळी रद्द केल्या, म्हणजे स्वतःच्या हातानं एक हंगाम सोडून दिला. आमच्या मुलांना मी हे पान दाखवीन, परवानगी असेल तर.

बीएसएमआर 736 या तुरीच्या वाणाच्या नावातली इंग्रजी अक्षरंच बदनापूर आणि वांझ रोगाला प्रतिकार यांवरून आलीत. लाल दाण्याची ती तूर मराठवाड्यात घरोघरी गेली. वाण एकट्याचा नसतो, त्यात कितीतरी जणांच्या वह्या असतात. पप्पांच्या वह्यांकडे तुम्ही तसंच बघा.

खुणेचं म्हणाल तर संकर दाखवायला आम्ही गुणाकाराचं चिन्ह वापरतो. समासातला क्रूस मी कुठल्या वहीत पाहिलेला नाही. रोगट झाडं मोजून टक्केवारी लिहितात, खूण करत नाहीत. त्या पानांवरच्या तारखा बघा.

वह्या केंद्राला द्या, पण आधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. उंचीवालं पान मात्र घरीच असू द्या.

छावणीतली_मावशी

बाळा, तुझे पप्पा आमच्याकडे हंगामाच्या सणाला यायचे. सणाला जो तो आपल्या शेतातलं, परसातलं आणतो आणि उपासनेनंतर लिलाव होतो, हे तुला माहीतच आहे. ते तुरीच्या हिरव्या शेंगांची पेंडी आणायचे. आणि आमच्यातल्या एका विधवा बाईनं आणलेली पाच अंडी बोली वाढवत वाढवत दरवर्षी स्वतःच घ्यायचे. तिला ते दान वाटू द्यायचं नव्हतं. आवाज बेताचाच, पण गाणी सगळी पाठ. रविवारी एवढं सांग, पुरे.

कोरडवाहू_अंबड

ताई रामराम. सायकलवाले साहेब म्हंजे तुमचेच पप्पा असतील तर माझी माय त्यांच्या हाताखाली रोजानं जायची. खुरपायला, अन् फुलं लागली की पिशव्या बांधायला. आम्ही तव्हा बदनापुरातच राहायचो. 1996 च्या दिवाळीनंतर मायचं पोटाचं आपरेशन झालं. साहेब दोनदा दवाखान्यात आले. दुसऱ्या खेपेला तुमच्या आईनं डबा दिलता, मऊ खिचडी. जाताना खाटेपाशी डोळे मिटून उभे राह्यले, तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणले. आम्ही माळकरी माणसं. बापाला वाटलं आता धर्माचं काही बोलतेत का काय. काहीच नाही बोलले. मायला म्हणले, "बाई, तुमच्या ओळी मी बघतो, घाई करून येऊ नका." माय मंग घरी म्हणायची, त्यांचा देव अन् आपला इठ्ठल बघून घेतील काय ते.

माय बरी झाली, अजून हाय. आम्ही आजबी लाल तूरच पेरतो. रविवारी यायचं म्हणते ती. चर्चमधी आम्ही आलेलं चालतं का?

गणितवाली_जालना

भाऊ, चालतं का म्हणजे काय! मावशींना नक्की घेऊन या. साडेदहापर्यंत पोचा, पुढच्या बाकावर जागा धरून ठेवते.

तुमचं वाचलं आणि लगेच 1996 ची वही काढली. नोव्हेंबरच्या सलग नऊ पानांवर समासात क्रूस आहे, आणि प्रत्येक क्रूसाशेजारी एकच अक्षर, "स". त्याच पानांवर पिशव्या बांधल्याच्या नोंदी पप्पांच्या स्वतःच्या अक्षरात आहेत. एरवी ते मजुरांची संख्या लिहायचे. तिथं लिहिलंय, "मी". दहाव्या पानावर क्रूस नाही, संख्या पुन्हा सुरू.

वही आईला दाखवली. तिनं चष्मा लावला, बोट फिरवलं आणि म्हणाली, "अगं, प्लॉटवरच्या कुणाच्या घरी दुखणं असलं की ते सकाळी पहिली नोंद करायच्या आधी प्रार्थना करायचे. विसरू नये म्हणून खूण." मला इतकी वर्षं कधीच बोलले नाहीत. मी बाकीच्या वह्याही काढल्या. वेगवेगळी अक्षरं आहेत. एका मार्चमध्ये माझं आहे. तेव्हा मला कावीळ झाली होती.

वाण_आणि_वही, फोटो आजपासून काढायला घेते. लाल शाईचं पान तुम्ही खुशाल दाखवा. वह्या त्यानंतर केंद्राला देऊ, दादाशी बोलले मी.

भाऊ, मावशींचं नाव "स" वरून आहे ना? तेवढं कळवा. रविवारी ती नऊ पानं वाचणार आहे, आणि वाचताना त्या समोर बसलेल्या मला हव्यात.

कोरडवाहू_अंबड

हो ताई. "स" वरूनच.