पॉलस पाडाव झाला की पॉलसचा पाडाव झाला?

आळशी अनुवादक: स्टालिनग्राडवरचा एक लेख मराठीत करतेय, एका वाक्यावर दोन दिवस अडलेय. ३० जानेवारी १९४३ला हिटलरने तिथे वेढ्यात अडकलेल्या जर्मन सैन्याच्या सेनापतीला, पॉलसला, फील्ड मार्शल केलं. जर्मन फील्ड मार्शल जिवंत शत्रूच्या हाती लागत नसतो, तेव्हा बाबा रे, काय ते समज! हा दुसऱ्याच दिवशी एका डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात रशियनांना सापडला. वर उत्तरेकडे कोंडलेल्या तुकड्यांना शस्त्रं खाली ठेवायचा हुकूम देईना. त्या २ फेब्रुवारीला शरण आल्या. मी लिहिलं, 'पॉलस पाडाव झाला'. संपादकांनी केलं, 'पॉलसचा पाडाव झाला'. बरोबर कोण?

जुना पंतोजी: तुम्हीच. पाडाव होणे म्हणजे लढाईत जिवंत धरलं जाणे. पानिपतावर इब्राहिमखान गारदी पाडाव झाला, तो असा. 'चा' चिकटवला की नुसता पराभव उरतो.

चहाबिस्कीट: बखरी कोण वाचतं आता? 'कैद झाला' लिहा, पोरांनाही कळेल.

जुना पंतोजी: म्हणजे घरचा शब्द जुना झाला आणि अरबीतला चालतो?

चहाबिस्कीट: मग 'तारीख'ही टाकून द्या की.

दोन पैसे: 'शरण'मध्येही गोम आहे. 'शरण गेला' म्हटलं की सांगणारा जर्मनांकडे उभा, 'शरण आला' म्हटलं की रशियनांकडे. वर बाईंनी 'आल्या' लिहिलंय, त्या कुठे उभ्या आहेत ते कळलं :)

सोलापूरकर: आमच्याकडे शरण म्हणजे बसवण्णांचे शरण, शिवभक्त संत. आजी दारात आलेल्याला 'शरणु' म्हणायची, हात जोडून. स्टालिनग्राडला शेवटी सुमारे ९१ हजार उपाशी, गोठलेली माणसं धरली, त्यातली पाच-सहा हजारच घरी परतली. त्यांच्यापुढे तो शब्द लिहायला हात धजत नाही.

चहाबिस्कीट: आत्मसमर्पण?

जुना पंतोजी: ते हिंदी बातम्यांतून आलंय. समर्पण देवाला करतात.

सोलापूरकर: शरणही देवालाच जातात की, पंतोजी.

सातारी: माझे चुलते ७१च्या युद्धात १ मराठा पलटणीत होते, जमालपूरच्या लढाईत. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागतीच्या कागदावर सही झाली, ९३ हजारांचा आकडा आपल्याला शाळेपासून पाठ. चुलत्यांच्या तोंडी शरणागती कधी ऐकली नाही. 'सरेंडर झाले', नाहीतर 'हत्यारं टाकली'. आणि 'टाकली' म्हणताना हातातली काठी भिंतीशी अलगद ठेवायचे. टाकायचे नाहीत.

दोन पैसे: वा. म्हणजे 'टाकली' हाही शब्द जिंकणाऱ्याचाच.

वेंगुर्लेकर: मध्येच विचारतो. पाडाव आणि पडाव एकच ना? आमच्याकडे पडाव म्हणजे माल नेणारी होडी. धरलेली माणसं पडावात घालून नेत असतील, त्यावरून पाडाव?

जुना पंतोजी: कृपा करा! पाडाव सरळ 'पाडणे'वरून. आणि मुक्कामाचा पडाव तो हिंदीचा.

वेंगुर्लेकर: मुक्कामाचं कुणी विचारलं? होडीचा कुठून आला?

आळशी अनुवादक: संपादकांचा फोन होता. 'पॉलसने शरणागती पत्करली' असं छापायला गेलंसुद्धा. पण त्याने ती पत्करली कुठे, हाच तर लेख होता!

चहाबिस्कीट: पाडाव झालात तुम्ही.

वेंगुर्लेकर: होडीचं सांगा कुणीतरी.