घर विका, जमीन विकू नका: स्थानिकांसाठी परवडणारी घरं टिकवायची कशी?

पागोळी (धागाकर्ती)

परवडणारी घरं बांधली की सगळे टाळ्या वाजवतात. तीच घरं दहा वर्षांनी कुणाला परवडतात, हे मात्र कुणी विचारत नाही. अनुदानाचं घर पहिल्या कुटुंबाला स्वस्तात मिळतं, अटीची मुदत संपली की बाजारभावाने विकलं जातं, आणि तिथेच नोकरी करणारी नर्स, शिक्षक, बसचालक पुन्हा वेशीबाहेर. सार्वजनिक पैसा एकाच कुटुंबाच्या पदरात पडून संपतो.

भिंतींना भाव चढत नाही, चढतो तो जमिनीला. म्हणून जमीनच बाजारातून काढून घ्यावी, असं माझं मत आहे. कम्युनिटी लँड ट्रस्ट हेच करतो. जमीन कायमची ट्रस्टच्या नावावर. घर कुटुंबाचं, जमीन त्याला दीर्घ मुदतीच्या, बहुतेकदा ९९ वर्षांच्या, भाडेपट्ट्याने. वारसांना घर मिळतं, रंग कुठला द्यायचा ते तुम्ही ठरवा. विकताना मात्र किंमत आधी ठरलेल्या सूत्राने. अमेरिकेत व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टनला १९८४ मध्ये, बर्नी सँडर्स महापौर असताना, असा ट्रस्ट उभा राहिला. तिथलं सूत्र असं: तुम्ही घातलेले पैसे परत, वर वाढलेल्या किमतीतला २५ टक्के वाटा. बाकीची वाढ घरातच राहते, पुढच्या कुटुंबासाठी.

आणि ही कल्पना परकी म्हणून नाक मुरडण्याआधी एक सांगते. १९६९ मध्ये अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यात कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी ‘न्यू कम्युनिटीज’ नावाचा असाच ट्रस्ट उभारणाऱ्या रॉबर्ट स्वान आणि स्लेटर किंग यांच्यासमोर एक नमुना होता तो विनोबांच्या ग्रामदानाचा.

हिशेबनीस

विनोबांचं नाव घेतलं की प्रश्न विचारायची चोरी होते, तरी विचारतो.

बाजारात २०० ला असलेलं घर ट्रस्टने मला १०० ला दिलं. काही वर्षांनी बाजारभाव ४०० झाला. वाढ २००, माझा वाटा ५०. हातात १५०. आता मुलांच्या शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात जायचंय, तिथे तसंच घर ४०० ला. मी काय करू? म्हणजे ज्याच्याकडे आधीच जमीन आहे त्याने नफा खिशात घालायचा, आणि सामाजिक भान ठेवायचं ते पहिल्यांदाच घर घेणाऱ्याने! सामान्य माणसाकडे संपत्ती साठवायचं घराखेरीज दुसरं साधन असतं का? तेच अर्धवट करून त्याच्या हातात द्यायचं आणि वर त्याला न्याय म्हणायचं.

पागोळी

तुम्ही तुलना ४०० च्या घराशी करताय. त्या माणसाची तुलना भाड्याच्या घराशी करा. २०० चं घर त्याला कधी घेताच येणार नव्हतं. भाडं भरून निघाला असता तर हातात शून्य.

शिवाय नफ्याबरोबर धोकाही बघा. २००८ च्या सुमाराला अमेरिकेत गृहकर्जं बुडून घरांवर जप्त्या येत होत्या, तेव्हा लँड ट्रस्टच्या घरांवर जप्तीचं प्रमाण बाकी बाजारापेक्षा कितीतरी कमी राहिलं. हप्ता चुकला की बँकेच्या आधी ट्रस्ट दार ठोठावतो, मार्ग काढतो. एकट्या कर्जदाराच्या मागे कोण उभं राहतं?

नवखा

नफ्याचं तुम्ही दोघं बघून घ्या. मला शीर्षकातला ‘स्थानिक’ खुपतोय. स्थानिक म्हणजे कोण? दहा वर्षं राहिलेला? तिथे जन्मलेला, पण आता परदेशी असलेला? की गेल्या महिन्यात तिथल्या दवाखान्यात रुजू झालेली आणि खोली शोधणारी परिचारिका? यादी करणारी समिती शेजाऱ्यांचीच. ‘आपल्यातला’ बघून घरं वाटायला कितीसा वेळ लागतो? जात, धर्म, भाषा फॉर्मवर लिहावी लागत नाही, आडनावावरून कळते.

इंग्लंडमध्ये सेंट आइव्ह्ज या समुद्रकाठच्या गावाने २०१६ मध्ये सार्वमत घेतलं: नवीन घर कायम राहणाऱ्यालाच मिळेल. ऐंशी टक्क्यांहून जास्त मतं बाजूने. पण नियम फक्त नव्या घरांना होता. सुट्टीतल्या घराची हौस असलेल्याला जुनी घरं मोकळीच राहिली.

पागोळी

सेंट आइव्ह्जचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तिथे मालकी बदलली नाही, नुसती अट घातली. स्थानिक कोण, यावर माझं उत्तर: तिथे राहतो किंवा तिथे काम करतो तो. जन्म कुठला ते विचारू नये. आणि समिती नुसत्या रहिवाशांची नसावी. जुन्या अमेरिकी पद्धतीत मंडळाचे तीन भाग असतात: रहिवासी, परिसरातले बाकीचे सभासद, आणि सार्वजनिक हिताचे प्रतिनिधी.

कोपऱ्यातला

इमारतीच्या वार्षिक सभेला गणपूर्ती होत नाही, आणि हे लोक ९९ वर्षं जमीन सांभाळणार. वाचतोय.

ओळंबा

@कोपऱ्यातला, माणसं सभेला येत नाहीत, कारण सभेत त्यांच्या हातात काही नसतं. उरुग्वेत १९६८ च्या गृहनिर्माण कायद्याने परस्पर-साहाय्य सहकारी संस्थांना कर्ज मिळू लागलं. तिथे प्रत्येक कुटुंब बांधकामावर आठवड्याला २१ तास श्रम देतं. आपलं घर कुठलं ते बांधकाम चालू असताना बहुधा ठाऊक नसतं, त्यामुळे सगळ्या भिंती सारख्याच जिवाने उचलल्या जातात (गवंडीकाम जवळून पाहिलेल्याला हा फरक लगेच कळेल). मालकी संस्थेची, कुटुंबाला वापराचा हक्क, तोही वारसाने पुढे जाणारा. लष्करी राजवटीने या संस्था मोडून एकेकाच्या नावावर घरं करायचा घाट घातला, तेव्हा १९८४ मध्ये त्यांच्या महासंघाने एका रविवारी तीन लाखांहून जास्त सह्या गोळा केल्या. देशाची लोकसंख्या तेव्हा तीस लाखांच्या आसपास.

माझा धागाकर्तीशी मतभेद वेगळा आहे. ट्रस्टने बांधून दिलेल्या घरात माणूस लाभार्थीच राहतो.

हिशेबनीस

आठवड्याला २१ तास! दोन नोकऱ्या करणारी एकटी आई हे कुठून आणणार? गरिबाकडे पैसा नाही म्हणून त्याचा वेळ घ्यायचा.

बरं, आकाराकडे बघू. लंडनला माइल एंडमध्ये जुन्या रुग्णालयाच्या जागेवर २५२ घरं झाली. वर्षानुवर्षं चळवळ करून त्यातली ट्रस्टची किती? २३. आणि न्यू कम्युनिटीजचं पुढे काय झालं तेही लिहा की. साडेपाच हजारांहून जास्त एकर जमीन होती. दुष्काळ पडला, कर्ज थकलं, १९८५ मध्ये सगळी गेली.

पागोळी

गेली, कारण सरकारी शेती-कर्ज यंत्रणेने वंशभेद करून मदत अडवली. पुढे त्याची भरपाईही मिळाली.

२३ हा आकडा लहान आहे, मान्य. पण पोर्तो रिकोच्या राजधानीत, सान हुआनला, कान्यो मार्तिन पेन्या या कालव्याकाठी सुमारे २०० एकर जमीन ट्रस्टकडे आली. कालवा साफ झाला की भाव वाढणार आणि आपणच हुसकले जाणार, हे वस्तीने आधी ओळखलं आणि २००४ मध्ये कायदा करून घेतला. कालव्याच्या आधी जमीन!

नवखा

आणि २००९ मध्ये सरकार बदलल्यावर तीच जमीन काढून घेतली गेली, हे राहिलंच. २०१३ मध्ये परत मिळाली, पण चार वर्षं ‘कायमची’ जमीन टांगणीला होती.

हिशेबनीस

माझा सौदा ऐका. वाटा २५ चा ५० टक्के करा, मग मी बोलणं थांबवतो.

पागोळी

तुमचेच आकडे घेते. बाजारभाव दुप्पट झाला त्या काळात लोकांचं उत्पन्न दीडपट झालं समजा. २५ टक्क्यांनी घर १५० ला विकलं जातं, म्हणजे पुढच्या कुटुंबाला जेमतेम तेवढंच जड जातं जेवढं तुम्हाला १०० ला गेलं होतं. ५० टक्के दिले तर घर २०० ला. एकाच विक्रीत हाताबाहेर.

हिशेबनीस

उत्पन्न दीडपट झालं तर! ते जागचं हललं नाही, तर तुमचे १५० सुद्धा पुढच्याला जास्तच. मग लंडनच्या त्या ट्रस्टसारखी किंमत थेट स्थानिक उत्पन्नाशी बांधावी लागेल, आणि उत्पन्न घटलं की विकणारा खोटीत. ती खोट ट्रस्ट भरून देणार का? करारात आहे का असं कलम?

पागोळी

सगळ्या करारांत नसतं. मी असते तर मूळ किमतीची हमी लिहून घेतली असती, आणि त्यासाठी जमिनीच्या भाड्यातून वेगळा निधी बाजूला ठेवायला लावला असता.

हिशेबनीस

म्हणजे भाडं वाढलं.