छातीतला कफ आणि खोकल्याचं औषध: तुमच्या घरचे अनुभव

पारिजात_धायरी:
दिवाळीची आवराआवर चालू आहे. औषधांच्या डब्याच्या तळाशी बाबांच्या खोकल्याच्या बाटलीचं मापाचं झाकण सापडलं. चिकट झालेलं. हात तिथेच थांबला.

बाबा तेव्हा ७२ वर्षांचे. छातीत कफ, रात्रभर घरघर. आईला आदल्या महिन्यात डॉक्टरांनी दिलेली बाटली अर्धी उरली होती, तीच मी बाबांना दिली. खोकला तो खोकलाच, असं वाटलं. दोन दिवसांत जरा उतार पडला, झोपही लागली. तिसऱ्या दिवशी पहाटे पोट धरून बसलेले, लघवी अडकली होती. प्रोस्टेट वाढलंय हे मला माहीत होतं. त्या बाटलीत क्लोरफेनिरामिन हे सर्दी-ॲलर्जीवरचं औषध आहे आणि त्याने लघवी तुंबू शकते, हे माहीत नव्हतं. रिक्षा करून सिंहगड रोडने हॉस्पिटल गाठलं. नळी घातल्यावर कुठे त्यांचा चेहरा सैल झाला. मला एका शब्दाने बोलले नाहीत. उलट "तू रात्रभर जागलीस" म्हणाले.

बाबा आता नाहीत, दुसऱ्या आजाराने गेले. पण एका बाटलीत तीन-चार औषधं असतात आणि आपण सगळ्याला नुसतं 'खोकल्याचं औषध' म्हणतो, हे मला तेव्हा कळलं. तुमच्याकडे काय झालं, लिहा.

रानजाई:
अगं, वाचून गलबललं. तू काळजीपोटीच दिलंस ना.

हडपसरकर७:
हात थरथरायचे माझे. डोस घेतला आणि थोड्या वेळात कपबशी वाजायला लागली हातात. छातीत धडधड. हार्टचंच वाटलं. फर्स्ट शिफ्ट अर्धी टाकून डॉक्टरांकडे. म्हणाले यात टर्ब्युटालिन आहे, ते श्वासनळ्या मोकळ्या करतं पण काहींना थरथर, धडधड होते. तुम्हाला दमा नाही, तर नुसतं अँब्रॉक्सॉल घ्या. त्याने कफ पातळ होऊन सुटला.

आजीचा_बटवा:
अँब्रॉक्सॉल म्हणजे आपल्या अडुळशाचाच गोतावळा! अडुळशातल्या व्हॅसिसिन या घटकावरून ब्रोमहेक्झिन हे कफाचं औषध तयार केलं आणि त्याचंच पुढे शरीरात अँब्रॉक्सॉल होतं. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात हौदाशेजारी अडुळसा होता. आजी पानं वाफवून रस काढायची आणि मधातून द्यायची. कडूजहर, पण आम्ही नाक दाबून प्यायचो. वाडा पाडला त्यात झाडही गेलं. कोथरूडच्या बाजूला कुणाकडे फांदी मिळेल का? कुंडीत लावायचीय.

मनीमाऊ_कर्वेनगर:
माझ्याकडे आहे, निरोप टाक. आणि मधाचं, वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नको हं कुणी.

ओजसची_आई:
२०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची बातमी आली त्या रात्री झोपच लागली नाही. खोकल्याच्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन, लहान लेकरांच्या किडन्या गेल्या. ओजस तेव्हा दीड वर्षाचा. आमच्या डॉक्टरबाई आधीपासून सांगायच्या की एवढ्या लहान मुलाला सिरप नको, नाकात सलाईनचे थेंब घाला, अंगावरचं दूध चालू ठेवा, श्वास जोरात चालला तर लगेच घेऊन या. सासूबाईंना पटायचं नाही, "नुसतं पाणी काय घालताय नाकात". मग केंद्राचीही सूचना आली, दोन वर्षांखाली ही औषधं द्यायची नाहीत आणि पाचाखालीही सहसा नकोत. ती मी त्यांना वाचून दाखवली. आता त्याच शेजारणींना सांगतात.

बाकी नंतर लिहिते, उठला.

रोजचा_कात्रजकर:
झोप!! कोणी बोललंच नाही. दुपारचा डोस घेऊन गाडीवर निघालो, स्वारगेटच्या सिग्नलला डोळा लागला. मागच्याने हॉर्न दिला म्हणून वाचलो. त्या दिवसात बसने जा रे बाबांनो.

निवृत्त_पोस्टमन:
आमच्या हिला कोरडी ढास. चार महिने, पाच बाटल्या. कुणी विचारलंच नाही की बीपीला कोणती गोळी चालू आहे. शेवटी नवीन डॉक्टरांनी विचारलं. रॅमिप्रिल होती, तिनेच खोकला येत होता. गोळी बदलून दिली, तीन-चार आठवड्यांत ढास थांबली. स्वतःहून मात्र गोळी बंद करू नका, आम्हीही डॉक्टरांनीच बदलून दिली. पारिजातताई, तुमचे वडील मोठ्या मनाचे होते.

तळजाई_सकाळ:
कबुतरांचं बघा आधी! आमच्या सोसायटीत डक्टमध्ये शंभरेक असतील. रोज दाणे टाकणारे एक काका आहेत, ऐकत नाहीत. विष्ठेच्या धुळीने फुफ्फुसं सुजतात, सिरप पिऊन काय होणार? जाळी कुणी चांगली लावून देतं का सिंहगड रोडला?

सिस्टर_पेठेतली:
पालिकेच्या दवाखान्यात आहे, पटकन लिहिते. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर बाटली बदलत बसू नका, थुंकी तपासा. सरकारी दवाखान्यात फुकट होते. बाटल्या पिऊन पिऊन लोक महिने काढतात आणि मग टीबी निघतो, तोवर घरातल्यांनाही लागलेला असतो. आणि औषध त्या झाकणानेच मोजा. ५ मिली म्हणजे ५ मिली, पोह्यांचा चमचा नाही.

पारिजात_धायरी:
सिस्टर, अगदी. ते झाकण मी धुऊन ठेवलंय, टाकवलं नाही. पोस्टमनकाका, थँक्यू. मनीमाऊ, मलाही ठेव एक फांदी.

मनीमाऊ_कर्वेनगर:
ठेवते. रविवारी ११ नंतर या दोघी, ओल्या फडक्यात गुंडाळून देते. गाडी गेटसमोर नका लावू, वॉचमन ओरडतो.